कारण लिहून ठेव

चि. ताई हिस,


तुझ्या नेमणुकीच्या आदेशाचा फोटो आईने पाठवला. ‘मुख्य लेखापाल’ हे शब्द मी दोनदा वाचले. माझ्या टेबलावर तीच पाटी एकवीस वर्षं होती. कारखाना वेगळा, नदी वेगळी, काम मात्र तेच. घरात सगळ्यांत थोरली म्हणून तुला आम्ही ताई म्हणत आलो. आता हजारो सभासदांच्या उसाचा हिशेब तुझ्या सहीनं निघणार. फार आनंद झाला. त्या रात्री झोप मात्र लागली नाही.

झोप उडवली ती तुझ्या प्रश्नानं. फोनवर तू म्हणालीस, “मामा, चेअरमन आमदार आहेत आणि पुढच्या वर्षी संचालक मंडळाची निवडणूक आहे. पण मी हिशेब बघणार. राजकारणाशी माझा काय संबंध?” मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. आणि उघडं पत्र यासाठी, की ज्यांच्या अध्यक्षाची किंवा मालकाची सत्तेत ऊठबस आहे अशा संस्थांत आणि कंपन्यांत तुझ्यासारखी शिकलेली मुलं-मुली रोज रुजू होतात, आणि त्यांच्याही मनात हाच प्रश्न असतो.

राजकारण तुझ्या खोलीत स्वतःच्या नावानं कधीच येणार नाही, ताई. ते व्हाउचर होऊन येईल. तोडणीच्या यादीतला फेरफार, निविदेतली एखादी अट, नाहीतर ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढाच शेरा, असं काहीतरी रूप घेऊन येईल. कागदावर ते व्यवस्थापनाच्या साध्या निर्णयासारखं दिसेल, आणि त्या कागदावर सही तुझी असेल. तुझा संबंध तो हा.

आधी दुसरी बाजू सांगतो, कारण ती समजून न घेता बोट दाखवणं सोपं असतं. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून शेअर गोळा करून प्रवरेचा कारखाना उभा केला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१चा. त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ. त्यांना तालुक्यात मतं मागायची नव्हती. पुढे राज्यभर कारखाने निघाले ते तीन पायांवर: सभासदांचे शेअर, सरकारचं भागभांडवल आणि सरकारच्या थकहमीवर मिळालेलं कर्ज. तिसऱ्या पायासाठी मुंबईला जावं लागे. जो मुंबईला जाऊन काम करून आणी तो तालुक्याचा पुढारी होई, आणि जो पुढारी होई त्याच्याच हाती कारखाना राही. सांगलीचा कारखाना उभारणारे वसंतदादा पाटील १९७७ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले. कारखाना ते विधानसभा ही वाट मळलेली आहे.

या धंद्याचं सगळं जमाखर्चाचं पानच सरकार लिहितं. उसाची किमान किंमत, म्हणजे एफआरपी, केंद्र ठरवतं. २०२५-२६च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के साखर-उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. साखरेचा किमान विक्री दरही केंद्राचाच. तो फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला, आणि पुढे उसाचा भाव वाढत गेला तरी वर्षानुवर्षं तिथेच राहिला. महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा दिल्लीहून येतो. निर्यातीचं दार तिथूनच उघडतं आणि तिथूनच लागतं. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपाच्या दिवसांत, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश आला. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या त्यांची तोंडं सुकली. मग धावपळ झाली, शिष्टमंडळं गेली आणि थोड्याच दिवसांत आदेश सैल झाला.

अशा धंद्यात ज्याची कुठेच ओळख नाही तो अध्यक्ष सभासदांच्याही कामाचा नसतो, हे मी मान्य करतो. २०२३च्या अर्थसंकल्पानं सहकारी कारखान्यांना जुन्या आयकराच्या कचाट्यातून सोडवलं. उसाला किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम आयकर खातं नफा धरत होतं. २०१६-१७च्या आधीच्या वर्षांसाठी ती खर्च धरायला परवानगी मिळाली आणि सुमारे दहा हजार कोटींचा बोजा उतरला. हे राजकीय पाठपुराव्याशिवाय होत नाही. पण त्याचा लाभ सगळ्या सहकारी कारखान्यांच्या खात्यावर आला, एकाच्या घरी गेला नाही. ओळख चांगली की वाईट हे ठरवायची कसोटी मला यातच सापडली. ओळखीनं जे आलं ते टनामागच्या भावात दिसतं का? दिसत असेल तर ती ओळख कारखान्याची. दिसत नसेल तर ती एका माणसाची, आणि तिचा खर्च मात्र कारखान्याचा.

हे एका मामाचं मत म्हणून सोडून देऊ नकोस. संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञानं आपल्याच राज्यातल्या कारखान्यांचे आकडे तपासून २०१२ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्यांनी पाहिलेल्या १८३ कारखान्यांपैकी १०१ कारखान्यांचे अध्यक्ष १९९३ ते २००५ या काळात विधानसभेला किंवा लोकसभेला उभे होते. निष्कर्ष असा, की पुढाऱ्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी भाव देतात. पैसा प्रचारासाठी बाहेर जातो, हा त्यांचा अर्थ. आणि शेतकरी हे सहन का करतो, तर निवडून आल्यावर पुढारी काही ना काही परत करत असावा, असंही ते सुचवतात. त्याआधी २००१ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच कारखान्यांवर लिहिलं होतं. ज्या भागात मोठे आणि लहान शेतकरी एकत्र सभासद आहेत, तिथे कारभार मोठ्यांकडे जातो, उसाचा भाव खाली ठेवला जातो आणि उरलेला पैसा मोठ्यांच्या सोयीनं खर्च होतो.

यातला हिशेब तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. पाच लाख टन गाळपाच्या कारखान्यात टनामागे पन्नास रुपये कमी दिले, तर अडीच कोटी हातात राहतात. चाळीस टनांच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं नुकसान येतं दोन हजारांचं. दोन हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही. अडीच कोटींसाठी मात्र माणसं निवडणूक लढवतात. सगळ्यांकडून थोडंथोडं गेलं की कोणाचंच फार गेल्यासारखं वाटत नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगतो. हे तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. फेब्रुवारी महिना. साखरविक्रीचे पैसे खात्यावर आले होते आणि दुसऱ्या हप्त्याचा, टनाला दीडशे रुपयांचा, प्रस्ताव मी तयार ठेवला होता. एमडींनी, म्हणजे कार्यकारी संचालकांनी, बोलावलं. ते सज्जन माणूस होते, पण त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, “दुसरा हप्ता थांबवा. पुढच्या हंगामाच्या तोडणी-वाहतुकीची उचल आधी द्यायचीय.” पुढच्या हंगामाचे करार होतात पाऊस तोंडावर आल्यावर. गव्हाणीत चालू हंगामाचा ऊस पडत असताना पुढच्या हंगामाची उचल कोण देतं? मला कळलं, त्यांना कळलं होतं, आणि मी परत टेबलावर येऊन टिप्पणी लिहिली: ‘तोडणी यंत्रणा वेळेत उपलब्ध व्हावी या हेतूने आगाऊ उचल देणे उचित वाटते.’ वाक्य नीट होतं, ऑडिटला पुरेसं होतं. ते पैसे पुढे कुठे गेले ते मी पाहिलं नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. पण ते वाक्य खोटं होतं आणि ते माझं होतं.

दोन-तीन महिन्यांनी खिडकीशी एक म्हातारे सभासद आले. अडतीस टन ऊस. बिलांची घडी दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून आणली होती. म्हणाले, “सायेब, दुसरं बिल कधी निघतंय? सोसायटी भरायचीय. मुदतीत भरलं तर व्याज माफ हाय.” मी म्हणालो, “तांत्रिक अडचण आहे, होईल लवकरच.” त्यांनी मान हलवली, रबर परत लावलं आणि गेले. मुदत गेली. व्याज त्यांनी भरलं. हप्ता पावसाळ्यात निघाला. अडतीस टनांचे पाच हजार सातशे रुपये, त्यांना हवे होते तेव्हा माझ्या नीटनेटक्या वाक्याखाली दाबलेले होते. संचालक मंडळाच्या निवडणुकीत त्या आजोबांनी मत त्याच पॅनलला दिलं, कारण नातवाला कारखान्यात रोजंदारीवर लावून घेतलं होतं. सुखटणकरांचा निबंध मी निवृत्त झाल्यावर वाचला. वाचताना ती दुधाची पिशवी डोळ्यांपुढे आली.

तुझ्यापुढे हे कोणकोणत्या रूपात येईल ते सांगून ठेवतो.

तोडणीचा कार्यक्रम शेतकी विभागाचा असतो, तुझा नाही. पण बिलं तुझ्याकडे येतात आणि बिलावर लागणीची तारीख आणि वजन दोन्ही असतं. एकाच आठवड्यात लावलेल्या शेजारच्या दोन आडसाली प्लॉटांपैकी एकाची तोड डिसेंबरात झाली आणि दुसऱ्याची मार्चात, तर विचार. दुसऱ्याचा भाऊ विरोधी पॅनलमधून उभा होता, असं उत्तर कोणी लेखी देणार नाही. पण त्याच्या उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान मोकळं न झाल्यानं गहू-हरभरा हुकतो. हे नुकसान त्याचं एकट्याचंही नसतं. पक्व ऊस रानात ठेवून कोवळा आधी आणला की उतारा पडतो. उतारा सव्वादहाच्या वर असेल तर २०२५-२६च्या एफआरपीच्या हिशेबात प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे आहेत. पाच लाख टनांवर ते १ कोटी ७३ लाख होतात. एका घराला धडा शिकवण्याचा खर्च सगळ्या सभासदांवर बसतो.

मळी, बगॅस आणि साखरेच्या निविदा तुझ्यासमोर उघडतील. २०१३च्या ऊसदर कायद्यानं साखर आणि या उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा ठरवला आहे. म्हणजे मळी ओळखीच्या माणसाला टनामागे शंभर रुपये स्वस्त गेली, तर त्यातले सत्तर थेट शेतकऱ्याचे गेले. निविदेला तीनच नावं आली आणि तिन्ही एकाच घरातली असतील, तर तसं नमूद कर.

नोकरभरती निवडणुकीआधी होते. त्यावर फार लिहीत नाही. एवढंच बघ, की पगार तीन महिने थकले असताना हजेरीपट कसा वाढला.

सगळ्यांत मोठा विषय विस्ताराचा आणि कर्जाचा. गाळप क्षमता वाढवणं, सहवीज, डिस्टिलरी हे निर्णय कागदावर धंद्याचे असतात. पण कर्जाला सरकारची हमी लागते, हमीचा निर्णय मंत्रिमंडळापर्यंत जातो, आणि हमी मिळणार असं दिसलं की ऊस आहे का हा प्रश्न कोणी विचारत नाही. उसाशिवाय उभी राहिलेली यंत्रं व्याज मात्र खातात. अशी कर्जं देणाऱ्या राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ मे २०११ मध्ये बरखास्त होऊन प्रशासक आले. कर्जात बुडून लिलावात गेलेल्या सहकारी कारखान्यांची राज्यातली यादी लांब आहे. त्यातल्या प्रत्येक कर्जाच्या फाईलमध्ये कुणीतरी ‘प्रकल्प व्यवहार्य वाटतो’ असं लिहिलेलं आहे. ‘व्यवहार्य’ हा शब्द तू स्वतः हिशेब करूनच वापर.

आणि कधीकधी सगळे कारखाने मिळून सरकारकडून आपल्या सोयीचा नियम करून घेतात. ऊस नियंत्रण आदेश १९६६चा आहे. चौदा दिवसांत उसाचे पैसे द्या, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज द्या, असं तो सांगतो. राज्य सरकारनं २१ फेब्रुवारी २०२२ रोजी निर्णय काढला, की एफआरपी दोन हप्त्यांत दिली तरी चालेल. आपल्या लेखा विभागांनी तो नियम म्हणून पाळला. शेतकरी संघटना न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तीन वर्षं आपण ‘नियमानुसार’ असं लिहीत होतो. नियमाच्या वरही कायदा असतो, ताई. तो छापून तुझ्या टेबलाच्या खणात ठेव.

मग करायचं काय? राजीनामा देऊ नकोस. भांडूही नकोस. चेअरमन वाईट माणूस असेल असंही गृहीत धरू नकोस. मी ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी तालुक्यात पाणी आणलं, मुलींसाठी महाविद्यालय काढलं. ती कामं खरी होती आणि तो थांबवलेला हप्ताही खरा होता.

तू कारण लिही. प्रत्येक टिप्पणीत तीन गोष्टी असू देत: हे कोणी सुचवलं, कशासाठी, आणि टनामागे किती पडेल. तोंडी सांगितलं तर ‘मा. कार्यकारी संचालक यांच्या दि. अमुकच्या तोंडी सूचनेनुसार’ असं लिहून, तारीख घालून कायम करण्यासाठी फाईल वर पाठव. तोंडी हुकूम देणारे निम्मे लोक ही ओळ वाचून हुकूम मागे घेतात. माझ्या शेवटच्या चार वर्षांत मी हे करत होतो आणि दोन वेळा फाईल कोरी परत आली. कोरी परत आलेली फाईल म्हणजे वाचलेला पैसा.

थकलेल्या बिलांवरचं व्याज दर पंधरवड्याला काढून संचालक मंडळापुढे ठेव, कोणी मागो न मागो. एखाद्याचे तोडणी-वाहतूक वजा जाता १ लाख १२ हजार तीन महिने राहिले, तर १५ टक्क्यांनी ते व्याज ४,२०० रुपये होतं. मंडळ ते देणार नाही कदाचित. पण आपण काय थकवतो आहोत हे सभेच्या इतिवृत्तात येईल आणि पुढे कोणाला मागता येईल. वार्षिक अहवालात प्रत्येक मोठ्या खर्चापुढे टनामागचा आकडा दे. सर्वसाधारण सभेत माणसं ताळेबंद वाचत नाहीत, ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात, कारण कोटींचे आकडे त्यांच्या ओळखीचे नाहीत. टनामागे अकरा रुपये म्हटलं की शेवटच्या रांगेतला माणूसही मान वर करतो.

याची किंमत मोजावी लागेल, हे लपवत नाही. तुला साखर गोदामाकडे बदलून टाकतील. बढती अडेल. ‘फार शहाणी आहे’ असं म्हणतील. एमडीही पगारी माणूस आहे, तोही तुझ्या पाठीशी उभा राहीलच असं नाही. पण गावातल्या बाजारात ज्याचं बिल तू काढलंस तो माणूस समोर आला, तर तुला रस्ता बदलावा लागणार नाही. मला काही वर्षं बदलावा लागला. ते आजोबा आता नाहीत. त्यांच्याकडे जाऊन काही सांगायचं राहून गेलं. म्हणून ते तुला सांगतो आहे.

लोणीच्या त्या माळावर शेतकऱ्यांनी शेअरचे पैसे दिले तेव्हा हिशेब आपला, आपल्या डोळ्यांपुढे राहील एवढाच विश्वास त्यांनी धरला होता. तो विश्वास पुढाऱ्यांनी किती सांभाळला याचा निवाडा मतदार करतील. लेखा विभागानं किती सांभाळला याचा निवाडा फाईल करते. रुजू होशील त्या दिवशी नव्या वहीच्या पहिल्या पानावर एक रकाना आख, त्यावर ‘टनामागे’ असं लिही, आणि पहिल्या टिप्पणीपासून तो भरत जा. खोटं कारण लिहिण्याची वेळ आली, तर पेन खाली ठेव आणि मला फोन कर. रात्र असली तरी कर.

तुझा,
मामा